४०० ची रेघ आणि ४०२.६५ चा भाव : सरांचे जाहीर आभार

सर, सप्रेम नमस्कार.

ब्रेकआउट, म्हणजे शेअरचा भाव जुना अडथळा फोडून वर जाणं, दाखवणारे गल्लोगल्ली आहेत. ‘याच्या वर घ्यायचा नाही’ हा भाव काढून दाखवणारे तुम्हीच. आभार त्या एका आकड्याचे आहेत. तो आपल्या शेअरबाजाराच्या वर्गाबाहेरच्यांनाही कामी यावा म्हणून पत्र जाहीर लिहितोय.

वर्गात तुम्ही फळ्यावर काढलेला तो शेअर नऊ आठवडे ३७२ ते ४०० मध्ये घुटमळत होता. ४०० ला तीनदा आपटून परत आला, कारण त्या भावात अडकलेले लोक ‘मुद्दल सुटलं की निघू’ म्हणून तिथेच विकायला बसलेले असतात. दर धडकेला त्यांच्यातले काही कमी होतात. शेवटच्या दोन आठवड्यांत भाव ३९१ ते ४०० मध्येच आक्रसला आणि रोजचं व्हॉल्यूम, म्हणजे उलाढाल झालेले शेअर, चार लाखांवरून दीड लाखावर आलं. म्हणजे खालच्या भावात विकायची कोणाला घाई उरली नव्हती. मग एके दिवशी नऊ लाखांच्या व्हॉल्यूमवर बंद भाव ४०७. इथे बाकीचे म्हणतात, घ्या.

तुम्ही म्हणालात, आधी दोन भाव लिहा. रेंजची, म्हणजे ३७२ ते ४०० च्या पट्ट्याची, उंची २८, ती ४०० मध्ये मिळवली की लक्ष्य ४२८. शेवटच्या आक्रसलेल्या पट्ट्याचा तळ ३९१, त्याच्या खाली स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मानून विकून निघायचा भाव, ३९०. आता ४०७ ला घेतला तर मिळायचे २१ आणि पणाला १७. एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, खरेदीलाही ०.१ टक्का आणि विक्रीलाही, वर स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंजचा आकार. शेअरमागे साधारण रुपया गेला. उरले २० ला १८. छापा-काटा करायला ठीक, सौद्याला नाही. दुसऱ्या दिवशी गॅपने, म्हणजे मधले भाव ओलांडून थेट ४१६ ला उघडला तर १२ साठी २६ पणाला.

पणाला लावल्याच्या निदान दुप्पट मिळायला हवं असेल तर लक्ष्यात स्टॉपलॉसची दुप्पट मिळवायची आणि तिनाने भागायचं. ४२८ अधिक ७८०, भागिले तीन : ४०२.६६, पाच पैशांच्या पटीत खाली आणून ४०२.६५. बस, एवढंच गणित. चार्ट कितीही देखणा असला तरी याच्या वर हात आखडता.

म्हणून ४०२ ची लिमिट ऑर्डर (त्याहून महाग न घेणारी) लावून थांबायचं. पुष्कळ शेअर फोडलेली जुनी रेघ, इथे ४०० ची, शिवायला परत येतात. येताना व्हॉल्यूम हलकं असेल तर ठीक. नऊ लाखांच्या व्हॉल्यूमनेच खाली आला तर ती रेघेची परीक्षा नव्हे, ब्रेकआउटच फसला, ऑर्डर काढून टाकायची. सर, इथे आमचा थोडा वाद आहे. सगळ्यात दमदार शेअर मागे वळून बघतच नाहीत, ते या पद्धतीत हातचे जातात. स्टॉपलॉस ब्रेकआउटच्या कँडलखाली, म्हणजे त्या दिवसाच्या नीचांकाखाली, ३९७ ला, आणला तर कमाल भाव ४०७.३० होतो आणि सौदा बसतो. पण मग रेघ शिवायला आलेला भाव जरा खाली, ३९६ ला घसरला की आपण बाहेर, आणि शेअर पुन्हा वर. तुम्ही ३९० वर ठाम आहात. आमच्यातले निम्मे अजून नाहीत.

क्वांटिटीचंही तसंच. भांडवल तीन लाख, एका सौद्यात जोखीम एक टक्का म्हणजे ३,०००. ४०२ आणि ३९० मध्ये फरक १२, म्हणून २५० शेअर. पण त्याचे होतात १,००,५००, म्हणजे तिसरा हिस्सा एकाच नावात! कंपनीचा निकाल वाईट लागून तो ३६० ला उघडला तर नुकसान ३,००० नव्हे, १०,५००. म्हणून तुमची दुसरी अट : एका शेअरमध्ये २० टक्क्यांच्या वर नाही. ६०,००० चे १४९. दोन्ही आकड्यांतला लहान तो घ्यायचा, आणि निकालाची तारीख आधी बघायची.

बंद भावाबद्दल तुम्ही सांगितलंत तेही फार लोकांना ठाऊक नसतं. एनएसईवर फ्युचर्स-ऑप्शन्स (वायदे) नसलेल्या शेअरचा बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा नसतो, तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची ती व्हॉल्यूमनुसार काढलेली सरासरी असते. साडेतीनला पडद्यावर ४०१ दिसलेला शेअर संध्याकाळी ३९९ ला बंद झालेला सापडतो. रेघेवरचा निसटता ब्रेकआउट म्हणूनच रात्री तपासायचा. त्याच वेळी बल्क डीलची, म्हणजे मोठ्या व्यवहारांची, यादीही पाहायची : नऊ लाखांतले सहा लाख एकाच मोठ्या व्यवहाराचे असतील, तर ती बाजाराची मागणी नव्हे.

स्टॉपलॉसची ऑर्डर मात्र बहुतेकांची चुकते. ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ३९० आणि लिमिट (किमान विक्रीचा भाव) ३८९ ठेवली, भाव ३८२ ला उघडला, तर ऑर्डर जागी होते पण विकली जात नाही. ३८९ ला घेणारा कोणी नसतो आणि भाव खाली जातच राहतो. ट्रिगर आणि लिमिटमध्ये निदान दोन-तीन टक्के जागा हवी : ३९० ला ३८०. साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, रोज सकाळी पुन्हा लावायची किंवा जीटीटी (ट्रिगर लागेपर्यंत टिकणारी ऑर्डर) करून ठेवायची. गॅप मोठी पडली तर जीटीटीची लिमिटही तशीच अडकते. आणि पाच टक्क्यांच्या सर्किटमधल्या, म्हणजे दिवसात तेवढाच वर-खाली जाऊ शकणाऱ्या, शेअरला यातलं काहीच लागू नाही. खालचं सर्किट लागलं की घेणाराच नसतो. असे शेअर यादीतच घ्यायचे नाहीत, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत.

वहीत आता शेअरच्या नावाशेजारी ‘कमाल भाव’ असा रकाना आहे, आणि तो ऑर्डरच्या आधी भरला जातो. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
रविवारच्या बॅचमधले सगळे

ता. क. : फळ्यावरच्या त्या शेअरचं नाव तुम्ही अजून सांगितलेलं नाही. आता विचारतही नाही. नाव कळलं असतं, तर वर्ग सुटताना पहिला प्रश्न ‘आत्ता घेऊ का?’ हाच आला असता.