तिळारीच्या पाण्याला कलमाचे कुंपण हवे

महोदय,
म्हादई नदीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ साली महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले, आणि चर्चा त्या आकड्यापाशीच अडून राहिली. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, तिळारी नदीच्या बाबतीत, खरी मेख वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यात येणारा वा तिथून जाणारा प्रवाह परवान्याशिवाय वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. तिळारीचे जंगल मात्र २०२० साली ‘संवर्धन राखीव’ झाले, म्हणजे अभयारण्याहून सौम्य दर्जाचे संरक्षित क्षेत्र. त्याला कलम ३६-अ लागू, आणि त्यात कलम २९ चा समावेशच नाही! उन्हाळ्यात धार तुटली की डोह आटतात, मासळी संपते, पाणमांजरे जागा सोडतात. धरणातून एकदम पाणी सोडले तर त्यांची काठावरची बिळे बुडतात, आत पिल्ले असली तरी. शासनाने किमान विसर्ग आणि टप्प्याटप्प्याने पाणी सोडण्याची अट तिळारी प्रकल्पाच्या आदेशातच घालावी.

– एक वाचक, दोडामार्ग