बारा वर्षांखालील मुलांचे सामने गावातच व्हावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस ओसरून मैदाने वाळू लागली की कोल्हापुरातील खासगी क्रीडा अकादम्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परगावच्या स्पर्धांची पत्रके येऊ लागतात. पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरू. दहा वर्षांखालील गट, बारा वर्षांखालील गट. प्रवेश शुल्क आगाऊ, राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. मी पेठेतल्या मैदानावर संध्याकाळी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो, आणि या पत्रकांमुळे मैदानावर व घराघरांत काय घडते आहे ते जवळून पाहतो आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली गोष्ट मुलांच्या फुटीची. ज्याच्या घरी चारचाकी आहे आणि ज्याच्या वडिलांना शनिवारची सुट्टी आहे, तो मुलगा परगावी जातो. शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर जाणाऱ्याचा किंवा रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा मागे राहतो. आदल्या संध्याकाळपर्यंत हे दोघे एकाच संघात, एकमेकांच्या पासवर खेळत असतात. महिन्याभराने एकाच्या अंगावर छापील नावाची जर्सी असते, त्याच्या बोलण्यात ‘आमची अकादमी’ येऊ लागते, आणि दुसरा हळूहळू मैदानावर यायचा थांबतो. नऊ-दहा वर्षांच्या वयात पडलेले हे अंतर घरच्या मिळकतीचे असते. मुलांना मात्र ते खेळातल्या कसबाचे वाटते, आणि मागे राहिलेला मुलगा आपण कमी पडलो असे मनाशी ठरवून टाकतो. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण त्यातली काही मुले खेळात खरोखर उजवी असतात.

जे जातात त्यांच्या पदरात काय पडते, तेही पाहिले पाहिजे. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर. सकाळी आठला हजेरी असेल तर पहाटे तीनला निघावे लागते. किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे चार टोलनाके लागतात, शिवाय रस्त्याचे काम चालू असेल तर वेळेचा भरवसा नाही. इतके करून स्पर्धा बाद पद्धतीची असते. ६४ खेळाडूंच्या बाद फेरीत ३२ जण एक सामना खेळून बाहेर पडतात आणि आणखी १६ जण दोन. बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसमध्ये तो एक सामना अर्ध्या तासातही आटोपतो. म्हणजे निम्म्या मुलांच्या वाट्याला अर्ध्या तासाचा खेळ आणि दिवसभराचा प्रवास येतो. गावातल्या साखळी सामन्यांत प्रत्येक मूल दर आठवड्याला खेळते, हरले तरी पुढच्या रविवारी पुन्हा खेळते, आणि लहान वयात खेळ सुधारतो तो अशा पुन्हा पुन्हा खेळण्यानेच.

घराचे जे होते त्याबद्दल पालक फारसे बोलत नाहीत, कारण मुलासाठी केलेल्या गोष्टीचा हिशेब मांडणे कोणालाच बरे वाटत नाही. तरीही तो मांडला पाहिजे. हंगामात आठवड्याचा एकमेव मोकळा दिवस गाडीत जातो. वडील थोरल्याला घेऊन पुण्यात, आई धाकटीला घेऊन घरी, अशी विभागणी होते. धाकटीचे शाळेतले नृत्य बाबांना मोबाइलवरच दिसते. आजी-आजोबांसोबतचे रविवारचे जेवण, नात्यातले बारसे, मामाच्या नव्या घराची वास्तुशांत या साऱ्यांना ‘स्पर्धा आहे’ एवढे एकच उत्तर जाते. काही घरांत प्रवास, हॉटेल, किट आणि प्रशिक्षकाच्या खर्चातला वाटा यांसाठी कर्ज काढले गेल्याचे मी जाणतो. इतका खर्च झाल्यावर मुलाच्या हरण्याकडे शांतपणे पाहणे आई-वडिलांना जमत नाही, आणि परतीच्या गाडीतले ते अवघडलेपण दहा वर्षांच्या मुलाला झेलावे लागते.

पेठेचेही नुकसान होते. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी घेऊन वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाणे, जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती, गणेशोत्सवाची तयारी या गोष्टी मुले मोठ्यांच्या संगतीत राहून शिकतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तालमींची (म्हणजे पेठांतल्या कुस्ती-फुटबॉलच्या जुन्या मंडळांची) आणि तरुण मंडळांची मुले पूरग्रस्तांच्या मदतीला धावली. त्यांना कोणी गोळा करावे लागले नाही. ती लहानपणापासून एकाच मैदानावर खेळली होती आणि कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे हे त्यांना माहीत होते. गल्लीतल्या मुलांची नावेही ज्याला ठाऊक नाहीत, त्याच्याकडून उद्या ही अपेक्षा कशी करायची?

परगावी खेळल्याशिवाय मोठा खेळाडू होत नाही, असे यावर सांगितले जाते. मोठ्या वयात ते खरेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे घराबाहेर पडला म्हणूनच २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकापर्यंत पोहोचला. पण कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते आणि इतरांनीही वर्गणी दिली होती. तो प्रवास एका तयार मल्लाचा होता आणि त्याचा भार अनेकांनी वाहिला. आज तोच भार एकेक बाप एकट्याने वाहतो, तोही चौथीतल्या मुलासाठी.

नॉर्वेने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी नियम केले आहेत. त्यांनुसार ११ वर्षांच्या आधी निकालांचे तक्ते व क्रमवारी लावत नाहीत आणि १३ वर्षांच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नसतात. एवढ्याशा त्या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक, १६ सुवर्णपदके जिंकली. उलट अमेरिकेत परगावी जाऊन खेळणाऱ्या मुलांच्या संघांचा मोठा व्यवसाय झाला आहे, आणि तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये बजावले की १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती असावी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळातून सुट्टी असावी.

पालक अकादमीकडे का वळतात, तेही मान्य केले पाहिजे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांत होणारी शिवीगाळ आणि हाणामारी पाहून अनेक आया मुलाला तालमीच्या संघात पाठवायला कचरतात, आणि त्यांचे चुकत नाही. मैदानांची अवस्थाही तशीच. गांधी मैदान मुळात वरुणतीर्थ तलाव. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबते ते लवकर हटत नाही. इतर मैदाने प्रदर्शने आणि सभा यांतून उरली तर मुलांच्या वाट्याला येतात.

माझी विनंती महापालिका, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, विविध खेळांच्या संघटना आणि अकादमीचालक या सर्वांना आहे. बारा वर्षांखालील मुलांसाठी शहरात आणि तालुक्यांच्या गावी रविवारी सकाळी दोन तासांत संपणारे साखळी सामने घ्यावेत, प्रवेश शुल्क नसावे, आणि त्या वेळेपुरती मैदाने दुसऱ्या कशालाही देऊ नयेत. तालमींनी या सामन्यांसाठी आपल्या ज्येष्ठ खेळाडूंना पंच म्हणून पाठवावे. शिवी देणाऱ्या प्रेक्षकाला बाहेर काढण्याचा अधिकारही त्यांनाच द्यावा, कारण पेठेत त्यांचा शब्द मानला जातो. बारा वर्षांहून मोठ्या मुलांना परगावी न्यायचे असेल तर वीस गाड्यांऐवजी एक बस करावी, निवड खेळ पाहून करावी, आणि ज्याला परवडत नाही त्याचा खर्च संघाने व मंडळाने वाटून घ्यावा. गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग यासाठी बाजूला काढायला माझ्या ओळखीची काही मंडळे आजही तयार आहेत. त्यांना फक्त कुणीतरी अधिकृतपणे विचारायला हवे. डिसेंबरपासून फुटबॉलचा हंगाम रंगात येतो, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी संबंधितांची एक बैठक झाली तर याच वर्षी सुरुवात करता येईल.

आपला,
मुलांचा एक फुटबॉल प्रशिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर