बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे!

महोदय,

मिशनऱ्यांवरून आपल्या पत्रांच्या सदरात सध्या दोन वाचकांची चांगलीच जुंपली आहे. एकाच्या मते ते सरळसरळ सरकारचे हस्तक, दुसऱ्याच्या मते शिक्षणाचे भगीरथ. दोघेही बेळगावचेच, पण दोघांच्याही पत्रांत बेळगाव औषधालासुद्धा नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

हस्तक म्हणावे, तर कंपनी सरकारला पाद्री सुरुवातीला नकोच होते. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले, पण मिशनचा संसार त्यांना डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात थाटावा लागला. कंपनीच्या सनदेचे १८१३ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा पार्लमेंटने पाद्र्यांना दार उघडून दिले. त्याच वर्षी मुंबईला आलेल्या हॉल आणि नॉट या अमेरिकन पाद्र्यांना तर परत पाठवायचेच घाटत होते. पण आपल्या गावाचा हिशेब वेगळा आहे, तोही लपवू नये. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये कंपनीचा सेनापती मन्रो याच्या फौजेने घेतला आणि दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे आले. तोफा पुढे, पाद्री मागे.

बाजारात उभे राहून उपदेश करण्याने फारसे कोणी वळले नाही. शाळेने मात्र पोरे आणली. आज बेननस्मिथ म्हणून जी शाळा आपण ओळखतो, तिची सुरुवात १८३२ ची. आईबापांना कचेरीतल्या नोकरीपुरते इंग्रजी हवे होते, पाद्र्यांना बायबलचा तास हवा होता. दोघांनी एकमेकांना ओळखून केलेला हा व्यवहार होता असे मला वाटते.

अशाच मिशनच्या शाळेत एका कासाराचा मुलगा शिकला. त्याचे नाव बाबा पदमनजी. जन्म मे १८३१, बेळगाव. (त्याच वर्षी जानेवारीत नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी झाली होती, म्हणजे काळ कसा होता पाहा.) पुढे मुंबईला शिक्षण, १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन'. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावच्या विधवांची दैना तिच्या नजरेस पडते. पुस्तकाचा शेवटी प्रचाराकडे कल आहे, ते वाचताना जाणवते आणि खटकतेही. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बोट दाखवतात ते याच पुस्तकाकडे.

मी तीस वर्षे सीमाभागातल्या शाळांत मराठी शिकवले. 'मराठीतील पहिली कादंबरी कोणती?' हा हमखास एका गुणाचा प्रश्न. पोरे नाव घडाघडा सांगायची. लेखकाचे गाव कोणते, हे कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. कारण मलाच ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर बाबांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र हाती आले, तेव्हा कळले की ज्या शहरात मी चप्पल झिजवली तेच हे शहर. लाजच वाटली.

शेजारी पाहा. बासेल मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आले. त्यांच्यातले जर्मन पाद्री फर्डिनांड किटेल यांनी कन्नडचा कोश केला, तो १८९४ मध्ये निघाला. धारवाडला किटेल यांच्या नावाचे कॉलेज आहे. कानडी माणूस किटेल आपला म्हणताना त्यांचा धर्म विचारत नाही, देशही विचारत नाही. आणि बाबांनीही 'शब्दरत्नावली' नावाचा मराठी कोश केला होता! परका जर्मन कानडी लोकांनी आपला केला, आपल्याला घरचा कासार आपला करता आला नाही. त्यांच्या नावाची पाटी, चौक, निदान एखादे वाचनालय बेळगावात माझ्या तरी पाहण्यात नाही. मराठीसाठी एवढा घसा कोरडा करणाऱ्या गावात! बाबा ख्रिस्ती नसते तर असे झाले असते का?

मिरजेचा मिशन दवाखाना, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेला, चिकोडी-अथणीकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. माझ्या आजीचे मोतीबिंदू तिथेच काढले. हिरवी पट्टी डोळ्यावर घेऊन ती एसटीतून घरी आली आणि चार दिवस आम्हाला आवाजावरून ओळखत होती. तिने शेवटपर्यंत एकही एकादशी मोडली नाही.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथल्या संमेलनांच्या संयोजकांना एवढीच विनंती की, यंदा एक सत्र बाबा पदमनजींवर ठेवावे. दिंडीतल्या पालखीत ग्रंथ असतात, त्यांत 'यमुनापर्यटन'ही असू द्या. प्रत मिळाली नाही तर माझ्याकडे झेरॉक्स आहे, खुशाल न्यावी. परत मात्र आणून द्यावी, मागचा अनुभव बरा नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शहापूर, बेळगाव