कमांड मलाच टाइप करायला लावल्याबद्दल

दादा, स.न.वि.वि.

वाचनालयाचा कारभार सांभाळणारं 'कोहा' हे सॉफ्टवेअर बसवताना केलेल्या मदतीबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो मॅडम, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही. तुम्हाला चालणार नाही, हे ठाऊक आहे.

आमच्या 'ब' वर्ग वाचनालयात कोहा बसवायचं म्हटल्यावर कार्यकारिणीत पहिला प्रश्न आला, फुकटचं सॉफ्टवेअर टिकणार कसं? तुम्ही सांगितलेली हकिगत मी तिथे ऐकवली. न्यूझीलंडच्या होरोफेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच अडणार होती, म्हणून त्यांनी १९९९मध्ये कोहा करून घेतलं आणि जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा अटींवर, सगळ्यांना खुलं केलं. वाचनालयाच्याच गरजेतून आलेलं म्हटल्यावर मंडळी जरा सैल झाली. ठराव मंजूर! (त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली. आमच्याकडे हे क्वचित घडतं.)

डेबियन ही संगणकाची मूळ प्रणाली, नोंदी साठवणारं मारियाडीबी, पानं पुरवणारा अपाची हे सगळं तुम्ही घरबसल्या रिमोटने लावून मोकळे झाला असतात. तसं न करता एकेक ओळ सांगितलीत आणि ती मला टाइप करायला लावलीत. वाचनालयाचं कोहा उभं करणारी कोहा-क्रिएट ही कमांड पार पडली, तरी कर्मचाऱ्यांचं पान उघडेना. "कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते बघा," म्हणालात आणि गप्प राहिलात. (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार.) यादीत ८० होता, कर्मचाऱ्यांच्या पानाचा ८०८० नव्हता. अपाचीच्या पोर्ट्सच्या फाइलमध्ये 'लिसन ८०८०' ही ओळ मी घातली, अपाची रीस्टार्ट केला आणि पान आलं. तेव्हापासून काही बंद पडलं की मी आधी ती यादी बघते.

पण खरे आभार मराठी शोधाचे. पुस्तकाची नोंद उघडली की शीर्षक अगदी नीट दिसायचं, आणि तेच शीर्षक शोधाच्या चौकटीत टाकलं की 'काही सापडलं नाही'. वाचनालयातली बहुतेक पुस्तकं मराठी, म्हणजे कॅटलॉग असून नसल्यासारखा. शोधाचं काम कोहातला झेब्रा हा प्रोग्रॅम करतो आणि त्याची मूळ अक्षरसारणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे, हे तुम्ही समजावलंत. झेब्राच्या आयडीएक्स या सेटिंगच्या फाइलमधली ती सारणी काढून तिथे जगभरच्या लिप्या ओळखणाऱ्या आयसीयूची फाइल लावली, अनुक्रमणिका मुळापासून नव्याने बांधली. मग 'पाणी' टाकलं आणि पाण्यावरची सगळी पुस्तकं ओळीने आली. शेजारी उभा असलेला आमचा शिपाई म्हणाला, "आता 'विहीर' टाका." तीही आली.

बॅकअपबाबत मात्र तुम्ही अगदी खवीस निघालात. कोहा रोज आपणहून बॅकअप घेतं, पण त्याच डिस्कवर, आणि मुळात फक्त २ दिवसांचे ठेवतं. डिस्क गेली तर तेही गेले. तुम्ही बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत न्यायला लावलीत, वर अडगळीतल्या जुन्या संगणकावर कोहा-रिस्टोअर या कमांडने बॅकअप उतरवून सगळी पुस्तकं परत आलेली दाखवायला लावलीत. "परत आणून बघितला नाही तो बॅकअपच नव्हे," हे तुमचं वाक्य मी कपाटावर चिकटवलंय.

कोहाच्या पुढच्या आवृत्तीवर दिवाळीनंतर जाणार आहे, आधी त्याच जुन्या संगणकावर. अडलं तरच फोन करीन.

आपली,
ग्रंथपाल