तुळशीपासून गोठ्यापर्यंत

पुणे, रविवार, 2 फेब्रुवारी 2025

ती. आई व आण्णा यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या डाव्या हाताचा विषय काढला की आण्णा "आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आई रडायला लागते. म्हणून हे पत्र. आण्णा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

माझा तो फोटो मामीनं सगळ्यांना पाठवला हे मला परवा कळलं. बिनबाह्यांचा टीशर्ट, डावा हात उघडा, मानेला पांढरी पूड. "पोरीला तेहतिसाव्या वर्षी हे काय सुचलं," असं ती म्हणाली म्हणे. ती पूड खडूची आहे, पावडर नाही. मी गोळाफेक शिकतेय, आणि त्यात गोळा मानेला, जबड्याखाली दाबून धरावा लागतो. घामानं तो घसरू नये म्हणून मानेला खडू चोळतात. गेले चार महिने मी पहाटे "फिरायला" जाते ती मैदानावर जाते. हे तुमच्यापासून लपवलं, एवढी माझी चूक.

आता पहिल्यापासून सांगते. गेल्या 4 सप्टेंबरला दुपारी ऑफिसात डबा खात होते. शेजारच्या टेबलावर मोबाइलवर पॅरिसची पॅरालिम्पिक चालू होती. कुणीतरी म्हणालं, "अगं, हा तुमच्या आटपाडीकडचा." करगणीचा सचिन सर्जेराव खिलारी. आण्णा, तुम्ही असता तर आधी आडनावावरच बोलला असता, खिलार बैलाचं खोंड म्हणून. मी मात्र त्याचा डावा हात बघत बसले. कोपराजवळ मांस नाही, हात नीट उघडत नाही. माझ्यासारखाच, ओळखीचा हात. वीस वर्षांत मी असा दुसरा हात इतक्या निवांतपणे, चारचौघांत, उघडा टाकलेला पाहिला नव्हता.

त्यानं दुसऱ्याच फेकीत गोळा 16.32 मीटरवर टाकला. आशियातला नवा विक्रम. सोनं कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, 16.38. हा स्टुअर्ट सात फुटांच्या वर उंच आहे. आपला माणूस त्याच्यासमोर उभा राहिला आणि फरक पडला सहा सेंटिमीटरचा. आई, तुझी साडेतीन बोटं. तिसरा आलेला क्रोएशियाचा लुका बाकोविच 16.27 वर होता, म्हणजे तिघं अकरा सेंटिमीटरच्या आत. माझी पोळी तशीच राहिली.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. शेतकऱ्याचं घर. आई लहानपणीच गेलेली. शाळेत असताना सायकलवरून पडला, हात मोडला, मग गँगरीन झालं. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, पण हात काही पूर्ववत झाला नाही. पुढं मेकॅनिकल इंजिनियर झाला. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवलं. खेळात आधी भाला फेकायचा, मग खांदा दुखावला आणि गोळ्याकडं वळला. ही ओळ मी दोनदा वाचली. एक हात गेलेला, त्यात चांगल्या हाताचा खांदा दुखावलेला. अशा वेळी माणूस घरी बसला असता तर कुणी बोल लावला नसता. हा 2023 च्या जुलैत पॅरिसलाच 16.21 टाकून जगज्जेता झाला, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सोनं, मे 2024 मध्ये जपानच्या कोबेला 16.30 टाकून पुन्हा जगज्जेता. रुपेरी पदक गळ्यात पडलं तेव्हा पस्तिशीला दीडच महिना कमी होता. मामीला वयाचा आकडा तेवढा सांगा.

आता माझ्या हाताचं. हे तुमच्या घरात कधी बोललं जात नाही, म्हणून मीच लिहिते.

2004 चा मे महिना. आईनं मला माळवदावरच्या कुरडया गोळा करायला वर पाठवलं. वावटळ उठली होती, मी पदर सावरल्यासारखी चादर सावरत मागं सरकले आणि कडेवरून खाली गेले. आण्णांनी मला मोटारसायकलवर बसवून हाडवैद्याकडं नेलं. त्या काळी सगळे तिथंच नेत. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली. रात्री बोटं निळी पडली. मी रडले तर आई म्हणाली, "बाळा, हाड बसतंय, दुखणारच." तिसऱ्या दिवशी सांगलीला नेलं. डॉक्टरांनी कात्रीनं पट्टी कापली आणि आण्णांकडं बघून विचारलं, "कुणी बांधली?" आण्णा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी खाटेवरून बघत होते. माझ्या मते तुम्ही अजून तिथंच उभे आहात.

रक्त अडलं, आतले स्नायू वाळले, हात आखडला. झालं ते एवढंच. त्यानंतर आईनं माझ्या प्रत्येक ब्लाऊजची डावी बाही लांब शिवली. फोटोत मला उजवीकडून उभं केलं. पाहुणे बघायला यायचे तेव्हा चहाचा ट्रे वहिनीनं धरायचा, मी फक्त बशी पुढं करायची. मी रागावून लिहीत नाही. तुम्ही मला झाकलंत ते मायेनंच.

गेल्या महिन्यात माझं वर्गीकरण झालं. पॅरा खेळात आधी शरीर तपासून गट ठरवतात, म्हणजे बरोबरीच्यांशी गाठ पडते. माझा आणि सचिनचा गट एफ 46. एफ म्हणजे मैदानी प्रकार, आणि 46 म्हणजे एका हाताची उणीव. दोन्ही हातांची असली तर 45. 51 ते 57 या गटांतले बसून टाकतात, आणि 34 च्या गटातलेही. पॅरिसच्या उद्घाटनाला भालाफेकीतल्या सुमित अंतिलबरोबर तिरंगा धरलेली आपली नांदेडची भाग्यश्री जाधव त्यातलीच. ती जमिनीला बांधलेल्या आसनावरून गोळा टाकते.

तर मला एका खोलीत बसवलं. दोघं होते. एकानं माझा हात हातात घेतला, कोपराला कोनमापक लावलं, "सोडा सैल," म्हणाला, आणि अंश वाचून दाखवले. दुसऱ्यानं लिहून घेतले. मनगट. बोटं. किती जोर लागतो ते बघायला माझी मूठ त्याच्या दोन बोटांवर आवळायला लावली. कुणी "अरेरे" म्हटलं नाही. कसं झालं, कुणी केलं, कुणाचं चुकलं, असलं काही त्या कागदावर विचारलेलंच नव्हतं. वीस मिनिटांत बाहेर आले आणि पायरीवर बसून खूप वेळ रडले. बाजूला कुबड्या टेकवून बसलेल्या मुलीनं काही न बोलता पाण्याची बाटली पुढं केली.

तुम्ही विचाराल, गोळा तर उजव्या हातानं टाकायचा, मग डाव्याचं एवढं काय? खरी मेख तिथंच आहे. टाकताना डावा हात आधी पुढं उघडतो, छाती ताणते, आणि गोळा सुटायच्या वेळी तो अंगाशी आवळला की डावी बाजू खांबासारखी घट्ट होते. उजवी बाजू त्या खांबावर जोर घेते. माझा खांबच नाही. पहिला महिना मी गोळ्यामागून भेलकांडत वर्तुळाच्या बाहेर पडायचे. फाऊल, फाऊल, फाऊल. सर आता डाव्या पायाचा खांब करायला शिकवतात. टाच रोवायची, गुडघा सरळ करायचा, कंबर आधी फिरवायची. हात सगळ्यात शेवटी. बांधावरून डाळिंबाचं कॅरेट खांद्यावर टाकताना मी हेच करायचे की, फक्त त्याला कुणी तंत्र म्हटलं नाही.

अजून एक. 17 जानेवारीला राष्ट्रपती भवनात सचिनला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच दिवशी मुरलीकांत पेटकरांनाही जीवनगौरवाचा अर्जुन मिळाला. कोल्हापूरला जाताना पेठ नाका लागतो ना, तिथल्या पेठचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला हा फौजी 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर 37.33 सेकंदांत पोहला आणि भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सोनं दिलं. अर्जुन मिळायला बावन्न वर्षं लागली. दोघंही आपल्या सांगली जिल्ह्यातले, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं. मला पुरस्कार-बिरस्कार काही मिळणार नाही, हेही सांगते. मैदानावरच्या मुली माझ्यापेक्षा पुष्कळ लांब टाकतात. नोकरी सोडलेली नाही, सोडणार नाही. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. त्यात मी बहुधा शेवटून दुसरी येईन.

आई, चाचणीला यायचं झालं तर माझ्यासाठी लांब बाहीचं काही आणू नकोस. कुरडया आण.

आण्णा, तुम्हाला एक काम. माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात लांबचा गोळा 6.12 मीटर गेलाय. चार किलोचा असतो बायकांचा. ठिबकची नळी मोजायचा टेप कपाटावर आहे, तो घ्या आणि अंगणात तुळशीपासून गोठ्याच्या पहिल्या मेढीपर्यंत मोजा. माझ्या अंदाजानं सहाच्या आसपास भरेल. मेढीच्या अलीकडं पडतो की पलीकडं, ते रात्री फोन करून सांगा. आईकडं फोन न देता, तुम्ही स्वतः.

तुमची थोरली