मीटरच्या कपाटात छत्री अडकवू नकोस

मनू,

काल व्हिडिओ कॉलवर तू खोली दाखवलीस, छान आहे, आईला किचन आवडलं. पण दाराबाहेरचं ते मीटरचं कपाट तू हसत हसत उघडलंस आणि माझा चहा तिथेच राहिला. आत झाडू, फिनेलची बाटली, रद्दीचा गठ्ठा, कुणाचा तरी थिनरचा डबा, आणि मेन स्विचच्या दांडीला तुझी ओली छत्री! अगं ती काय खुंटी आहे का?

तू म्हणालीस एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा तो खटका, सारखी पडते आणि मालकांचा इलेक्ट्रिशियन म्हणतो सोळा अँपिअरची काढून बत्तीसची टाकू म्हणजे कटकट मिटेल. त्याला अजिबात टाकू देऊ नकोस. तुझा इन्स्टंट गीझर 3000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपिअर, वर शेगडी 2000 ची, ती पावणेनऊ घेते, दोन्ही एका लाईनवर लावलेस की बावीसच्या जवळ जातं, मग थोड्या वेळानं पडणारच ती, तिचं कामच ते. भिंतीत वायर बहुतेक अडीच चौरस मिलिमीटरची असणार. बत्तीसची टाकलीस तर एमसीबी पडणार नाही, वायर तापत राहील आणि कुणाला कळणार पण नाही. सध्या अंघोळ झाल्यावर शेगडी लाव, आणि मालकांना सांग गीझरला चार चौरस मिलिमीटरच्या जाड वायरची वेगळी लाईन ओढून द्या.

मला कसं माहीत म्हणशील तर हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. 1996 ची बंगळूरची भारत-पाकिस्तान मॅच, जडेजा वकारला धुत होता आणि नेमका आपला फ्यूज उडाला. तू पाळण्यात होतीस. फ्यूजची तार सापडेना म्हणून मी जुन्या वायरीतले तांब्याचे तीन-चार पदर किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खाचेत, पिळून बसवले, टीव्ही सुरू, सगळे खूश, आणि नंतर मी विसरूनच गेलो. मे महिन्यात जिन्यात बोंबील करपल्यासारखा वास यायला लागला, आई दोन दिवस म्हणत होती खालचे सुकट भाजतायत वाटतं. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर किटकॅटची कड काळी पडलेली, वायरचं प्लास्टिक मेणबत्तीसारखं ओघळलेलं आणि शेजारच्या रद्दीचा कोपरा तांबूस झालेला. रात्री पेटलं असतं तर खाली उतरायला तो एकच जिना, आणि धूर तर आधी जिन्यातच चढतो. आईला खरं कारण मी फार वर्षांनी सांगितलं, तिनं अजून माफ केलेलं नाही.

तर आज संध्याकाळी आधी ते कपाट रिकामं कर. थिनर ज्याचा असेल त्याच्या हातात दे, वाईट वाटलं तर वाटू दे. ओल्या हातानं काही शिवू नकोस. मीटर आणि त्याच्या सीलला तर हातच लावायचा नाही, ते महावितरणचं आहे, तिथे वास आला किंवा चरचर ऐकू आली तर 1912 ला फोन कर. ठिणगी दिसली तर पाणी ओतायचं नाही, लांबूनच 101 लावायचा आणि खाली उतरायचं.

आणि आतल्या बोर्डावर टेस्ट लिहिलेलं छोटं बटण आहे का बघ. असेल तर आरसीसीबी आहे, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा खटका, 30 मिलिअँपिअरची हवी. शॉक लागला तर तीच वाचवते, एमसीबी नाही. लॅपटॉप बंद करून बटण दाब, खट् करून पडली पाहिजे, नाही पडली तर मला लगेच कळव. बटणच नसेल तर मालकांशी मी बोलतो, तू वाद घालू नकोस.

शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघतोय. टेस्टर माझा मी आणतो, आई चकल्या देतेय. छत्रीसाठी दाराला एक हुक पण ठोकून देईन.

बाबा