निघताना काय सांगायचं

गुरुवार पेठ, पुणे

प्रिय चिऊ,

प्रभूमध्ये सलाम.

शनिवारी फोन ठेवल्यावर मम्मी तुझ्या बॅगेच्या वजनाचा हिशोब करत बसली. मी मात्र तुझ्या एका वाक्यापाशी अडकलो. तू स्वयंसेवक म्हणून गेलीस त्या बेथेल संस्थेत जेवणाच्या टेबलावर तुझ्या शेजारी बसणाऱ्या त्या आजोबांना तू सांगून टाकलंस, की पुढच्या उन्हाळ्यात मी परत येते. सहज बोललीस आणि लगेच तिथल्या गाड्यांच्या गोंधळाची गोष्ट सुरू केलीस. फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून कागद घेतला. मम्मी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवेल. पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर तू पुण्यात पोचशील आणि पत्र जर्मनीत बीलेफेल्डला.

आधीच सांगतो. जे आपल्या हातात नाही, त्याचा शब्द देऊन येऊ नकोस. व्हिसा, तिकिटाचे पैसे, इथे लागली तर नोकरी, नोकरीतली रजा, यातलं तुझ्या हातात काय आहे?

तुला वाटेल, पप्पा एका वाक्याचं काय घेऊन बसलेत. पण तू आत्ता ज्या बाजूला आहेस, त्याच्या पलीकडच्या बाजूला मी अर्धं आयुष्य काढलंय. बोर्डिंगमध्ये मी सुपरिंटेंडंट होतो तेव्हा दरवर्षी परदेशातून एखाददुसरा स्वयंसेवक यायचा. विशीतली पोरं. पहिला महिना पोट बिघडलेलं, दुसऱ्या महिन्यात 'जेवलास का?' म्हणायला शिकलेली, आणि दिवाळीपर्यंत सगळं बोर्डिंग त्यांच्या अंगाखांद्यावर. चांगली मुलं होती, मनापासून राबायची. जाताना गोळ्या वाटायची, फोटो काढायची आणि रडत रडत सांगायची, मी परत येणार, पत्र लिहिणार. सांगताना ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढचं त्यांनी कधी पाहिलं नाही, मी पाहिलं. पोस्टमन येऊन गेला की मुलं ऑफिसच्या दारात. एक बीडकडचा मुलगा होता, आईबाप ऊसतोडीला जायचे, म्हणजे वाट बघायची त्याला चांगली सवय होती. तो सगळ्यात जास्त दिवस विचारत राहिला. मग विचारायचा थांबला. पुढच्या वर्षी नवा स्वयंसेवक आला, सगळी पोरं फाटकाकडे पळाली, आणि हा नळावर आपली चड्डी धूत बसला. हाक मारली तरी उठला नाही.

एकच बाई वेगळी निघाली. इतरांपेक्षा वयानं मोठी, फार हसरीबिसरी नव्हती, मुलांची लाडकीही नव्हती. जायच्या आधी दोनेक आठवडे तिनं एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावलं आणि मोडक्या मराठीत सांगितलं, मी अमक्या दिवशी जाणार आहे, परत येणं जमेल असं वाटत नाही. तुझ्याकडून मी हे हे शिकले. मुलं तिथल्या तिथे रडली, तिच्यावर रागावली, दोघांनी तर बोलणंच टाकलं. पण रागवायला समोर माणूस होतं ना! जायच्या दिवशी तेच दोघे तिची पेटी उचलायला पुढे. आणि नंतर कुणी पोस्टमनची वाट बघितली नाही.

जाताना ती माझ्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवून गेली. कोण रात्री अंथरूण ओलं करतो, कुणाला वांगं दिलं की ताट सरकवतो, कुणाला दिवा बंद केलेला चालत नाही, कुणाच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्याला उजवीकडून हाक मारायची. अहवाल तर सगळेच लिहायचे, ऑफिसच्या कपाटात त्यांचा ढीग होता. ती वही मात्र पुढच्या माणसानं पहिल्या दिवसापासून वापरली. तूही तशी एक वही लिही. आजोबांना फेफरं येण्याआधी ते कसे गप्प होतात ते तुला आता कळतं, असं तू मागे म्हणाली होतीस. सप्टेंबरात येणाऱ्या पोराला ते कोण सांगणार?

आणि आजोबांबद्दल म्हणशील, तर मला वाटतं ते तुझ्यापेक्षा जास्त जाणतात. चाळीसेक वर्षं तिथे राहतायत म्हणालीस. बेथेल 1867 पासून अपस्माराच्या रुग्णांना सांभाळतंय, तिथे येणारी-जाणारी पोरं किती पिढ्यांनी बघितली असतील! जर्मनीत 2011 पर्यंत सक्तीची सैन्यभरती होती, ज्यांना बंदूक धरायची नसेल ते अशा ठिकाणी सेवा करायचे. ती संपली आणि सरकारची स्वयंसेवेची योजना आली, त्यातून तू गेलीस. म्हणजे आजोबांच्या टेबलाशेजारची खुर्ची वर्षानुवर्षं कुणी ना कुणी भरतंय आणि रिकामी करतंय. 'उद्या येशील ना?' असं ते रोज रात्री का विचारतात, याचा तू विचार केलास का? त्यांना आणखी एक पुढचा उन्हाळा देऊ नकोस. तारीख दे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून दाखव.

परवा पालख्या आल्या होत्या. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत, नेहमीप्रमाणे. आपल्या जिन्याखाली परभणीकडची ती आजी यंदाही टेकली, गुडघ्याला पट्टा बांधून. मम्मीनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निघताना आजी दरवर्षी म्हणते तेच म्हणाली, "जित्ती असले तर पुढल्या साली येईन, न्हाई तर हितूनच रामराम समजा." आणि दिवे घाटाच्या वाटेला लागलीसुद्धा. तिच्या या बोलण्याचं आपल्याला कधी वाईट वाटलं नाही, उलट दर आषाढात मम्मी चटणी जास्तीची करते. मला वाटतं, परत येण्याबद्दल माणसानं याहून जास्त काही बोलूच नये.

आपल्या पौलाचंही तेच. बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' काढून बघ. अठराव्या अध्यायात इफिसचे लोक त्याला थांब म्हणतात, तर तो म्हणतो, देवाची इच्छा असली तर परत येईन. येतोही, आणि चांगला तीन वर्षं राहतो. पण विसाव्या अध्यायात मिलेताला तो त्याच मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घेतो, आणि या वेळी स्पष्ट सांगतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. ते गळ्यात पडून रडतात, सगळ्यात जास्त याच शब्दासाठी रडतात, आणि मग त्याला जहाजापर्यंत पोचवतात. संडे स्कूलमध्ये आपण त्याचं जहाज फुटलं ते शिकवतो, हे शिकवत नाही.

असो. आता इकडचं. पाळकसाहेब तुला आल्या आल्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभी करणार, हे ठरल्यासारखंच आहे. महिला मंडळातल्या मावशींनी प्रश्नही तयार ठेवलाय, सेवाच करायची होती तर ससून काय वाईट होतं? आपल्या वारकरी आजीचा प्रश्न त्याहून सरळ होता, "तिथल्या म्हाताऱ्यांना बघायला त्यांची पोरं न्हाईत व्हय?" मी म्हटलं, आली की तिलाच विचारा. दोन्ही प्रश्न खोडसाळ नाहीत, त्यांना उत्तर शोधून ठेव. 'देवानं मला खूप शिकवलं' एवढ्यावर मावशी सोडणार नाहीत.

मला स्वतःला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 1890 मध्ये आपल्या या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर केवढं बालंट आलं, पार प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. त्याच पेठेतली पोर आज जर्मन म्हाताऱ्यांना कॉफीचा कप धरून पाजते आणि कुणाचा धर्म बुडत नाही. पंडिता रमाबाईही इथल्याच सिस्टर्सच्या ओळखीनं 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेला, आणि 1889 मध्ये परतल्या त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन काढून बसल्या. घाबरू नकोस, तुझ्याकडून कुणी सदनाची अपेक्षा करत नाहीये. आधी पंधरा दिवस झोप काढ. तुझी जर्मन आता मॅक्स म्युलर भवनातल्या परीक्षेपुरती राहिलेली नाही, त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

कामाच्या गोष्टी विसरू नकोस. पत्ता रद्द केल्याचा कागद, ते अब्मेल्डुंग, निघण्याआधी नगरपालिकेतून घे आणि मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेव. बँकेचं खातं शेवटचा हातखर्च जमा झाल्याशिवाय बंद करू नकोस. कामाचं प्रमाणपत्र तिथे असतानाच माग, नंतर ईमेलवर मागणं म्हणजे वर्षभराचं काम. खोलीत साठवलेल्या रिकाम्या बाटल्या परत करून अनामतीचे पैसे घे. चॉकलेटं फार आणू नकोस, इथे सगळं मिळतं. आत्यानं मात्र ब्रेड कापायची ती दाते असलेली सुरी मागितली आहे. ती चेक-इनच्या बॅगेत टाक, नाही तर विमानतळावरच काढून घेतील.

मी आणि तुझा मामा गाडी घेऊन मुंबईला येतो. पावसात घाटात वेळ लागतो, म्हणून थोडं थांबावं लागलं तर टर्मिनलच्या आतच बस, बाहेर टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात उभी राहू नकोस. तुझ्या खोलीत सध्या आत्याचं शिलाई मशीन आणि मम्मीचे पापडाचे डबे आहेत. मशीन हलवतो, डब्यांची खात्री देत नाही.

आजोबांशी बोललीस की कळव.

तुझा,
पप्पा